फॅन की कूलर? विकत घेण्याआधी वेदर ॲपमधला हा एक आकडा बघा

मार्च उजाडला की शॉपिंग ॲप उघडल्याबरोबर कूलरच्या ऑफर्स दिसायला लागतात. 'एसीसारखी थंड हवा, पंख्याएवढं बिल' अशा थाटाची जाहिरात असते. खाली रिव्ह्यू वाचायला घेतले की मात्र डोकं चक्रावतं. एकाच मॉडेलला कोणी पाच स्टार दिलेले असतात, मे महिन्यात पांघरूण घ्यावं लागलं म्हणून. कोणी एक स्टार दिलेला असतो, पैसे वाया गेले आणि वर चिकचिक झाली म्हणून. दोघंही खरं बोलत असू शकतात. पहिला माणूस नागपूर-अकोल्याकडचा असेल आणि दुसरा मुंबई-ठाण्याचा, तर दोन्ही रिव्ह्यू शंभर टक्के बरोबर आहेत.

मशीन तेच, हवा वेगळी. त्यामुळे 'फॅन चांगला की कूलर?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शहरात, महिन्यात आणि खोलीच्या खिडकीत दडलेलं असतं. ते शोधायला फार गणित लागत नाही. फक्त दोन्ही मशीन नेमकं काय करतात हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

फॅन खोली थंड करत नाही

रिकाम्या खोलीत फॅन चालू ठेवून तासाभराने थर्मामीटर बघा. तापमान कमी झालेलं दिसणार नाही, झालंच तर किंचित वाढलेलं असेल. कारण साध्या सीलिंग फॅनची मोटर ७५ वॅटच्या आसपास वीज घेते आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते.

मग फॅनखाली बरं का वाटतं? आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. अंगाला लागून गरम, दमट हवेचा एक पातळ थर साचलेला असतो. फॅन तो थर सतत उडवून लावतो. यातून दोन कामं होतात. एक, हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर अंगातली उष्णता हवेत जाते. दोन, घाम लवकर वाळतो. यातलं दुसरं काम फार मोठं आहे, कारण १ लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर तो साधारण ०.६७ युनिट उष्णता सोबत घेऊन जातो. युनिट म्हणजे तेच, वीजबिलावरचं.

थोडक्यात, फॅन तुम्हाला थंड करतो, खोलीला नाही. खोलीत कोणी नसेल तर फॅन चालू ठेवणं म्हणजे वीज जाळून खोली गरम करणं.

कूलर काय करतो?

पाणी वाळताना उष्णता शोषून घेतं हे तत्त्व आपल्या घरात कूलर यायच्या कितीतरी आधीपासून आहे. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडायची पद्धतही तीच.

कूलरने त्याला मोटर जोडली. टाकीतलं पाणी पंप वर चढवतो, ते ताट्यांवरून किंवा हनीकोंब पॅडवरून खाली झिरपतं आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या पॅडमधून ओढतो. पाणी वाळायला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होऊन आत येते. मात्र येताना ती वाफ बरोबर घेऊन येते. हवा थंड होते आणि त्याच वेळी दमट होते, हा सौदा कूलरमध्ये कायमचा आहे.

आता दोघांमधला खरा फरक एका ओळीत सांगता येतो. फॅन तुमच्या शरीरातलं पाणी वापरून तुम्हाला थंड करतो, कूलर टाकीतलं पाणी वापरून. ही ओळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

कूलरला खालची मर्यादा असते

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळलं आणि त्यावर वारा सोडला, तर त्याचा आकडा खाली जातो आणि एका जागी थांबतो. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हवामान खात्याच्या वेधशाळांमध्ये साध्या थर्मामीटरच्या शेजारी असा ओला थर्मामीटर ठेवलेला असतो. हवा जितकी कोरडी, तितका हा आकडा साध्या तापमानाच्या खाली असतो.

कोणताही साधा कूलर, कितीही महागाचा असला तरी, हवेला वेट बल्ब तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. चांगले पॅड असलेला कूलर त्या अंतरापैकी साधारण ८० टक्के अंतर कापतो. आता काही नमुना परिस्थिती घेऊन हिशोब करू.

• नागपूर, मे महिन्यातली दुपार: समजा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब साधारण २३. कूलरमधून येणारी हवा २७-२८ अंशांची. तब्बल १६ अंशांचा फरक.

• पुणे, एप्रिलमधली दुपार: समजा ३८ अंश आणि २० टक्के. वेट बल्ब २१ च्या आसपास. कूलरची हवा २५ अंशांच्या घरात.

• मुंबई, मे महिना: समजा ३४ अंश आणि ६५ टक्के. वेट बल्ब २८ ते २९. कूलरची हवा ३० अंशांची, पण तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर.

• नागपूर, जुलै: समजा ३२ अंश आणि ७५ टक्के. वेट बल्ब २८. फरक जेमतेम ३ अंश.

हे आकडे कूलरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे आहेत. भिंती आणि छत तापलेलं असतं, त्यामुळे खोली याहून काही अंश गरमच राहते. पत्र्याचं छत असेल तर अजून जास्त.

पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा वाचा. शहर एकच, कूलर एकच. मे महिन्यात तो जीव वाचवतो आणि जुलैमध्ये तो पाण्याची टाकी बसवलेला एक मोठा टेबलफॅन उरतो.

मुंबईचं कोडंही इथेच सुटतं. तिथे हवा ४ अंशांनी थंड झाली तरी घाम आधीपेक्षा हळू वाळतो. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. घामाने भिजलेल्या अंगाला किती थंड होता येईल हे वेट बल्ब तापमानावर ठरतं आणि तो आकडा कूलर बदलू शकत नाही. म्हणून तिथे चांगला फॅन कूलरइतकंच काम करतो, तेही कमी विजेत आणि पाणी न भरता.

मग फॅन सगळीकडे चालेल?

नाही, आणि हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न फक्त आरामाचा नाही.

हवा ४४ अंश असताना ती त्वचेपेक्षा गरम असते. अशा वेळी फॅन अंगातली उष्णता बाहेर काढण्याऐवजी बाहेरची उष्णता अंगावर फेकतो. भट्टीसमोर उभं राहून वारा घेतल्यासारखं. दमट हवेत हा तोटा घाम लवकर वाळल्यामुळे भरून निघतो. पण कोरड्या हवेत घाम आधीच, फॅनशिवायसुद्धा, आला की लगेच वाळत असतो. फॅनला तिथे वाढवण्यासारखं काही उरत नाही. उरतो तो फक्त गरम वारा.

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये निरोगी माणसांवर हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत फॅनमुळे शरीरावरचा ताण कमी झाला. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत तोच फॅन उलटा पडला, ताण वाढला. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की ४० अंशांच्या वर फॅन शरीर थंड करत नाही, तापवतो. वयस्कर लोकांना घाम कमी येतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी अलीकडे, ३८ अंशांच्या आसपास धरतात.

म्हणजे चित्र असं आहे: कोरड्या उन्हाळ्यात फॅन हरतो तिथे कूलर जिंकतो, आणि दमट उन्हाळ्यात कूलर हरतो तिथे फॅन टिकतो. दोघं एकमेकांचे स्पर्धक कमी आणि बदली खेळाडू जास्त.

विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशात गावी आजी-आजोबा राहत असतील आणि घरात फक्त फॅन असेल, तर मे महिन्यातल्या दुपारी 'फॅन आहे ना, मग झालं' असं समजू नका. कूलर नसेल तर निदान दोन गोष्टी करा. सुती पंचा ओला करून अंगावर घ्यायला सांगा आणि तो सुकला की पुन्हा भिजवा. दर थोड्या वेळाने पाणी प्यायला लावा. ओल्या पंच्यावर फॅनचा वारा लागला की माणूस स्वतःच कूलर होतो, फक्त पाणी घामाऐवजी बादलीतलं वापरलं जातं. मात्र कोणी गोंधळल्यासारखं बोलत असेल, अंग खूप तापलं असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात असू शकतो. तिथे घरगुती उपायांवर थांबू नका, १०८ वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी मारत वारा घाला.

फोनवर काय बघायचं?

बहुतेक फोनमध्ये हवेची आर्द्रता मोजणारा सेन्सर नसतो. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये तो होता, पण पुढे ती पद्धत रुळली नाही. 'खोलीचं तापमान मोजा' म्हणणारी ॲप्स बऱ्याचदा बॅटरीचं तापमान दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका.

वेदर ॲपमधला आकडा बाहेरच्या हवेचा असतो. कूलर बाहेरचीच हवा ओढतो, त्यामुळे आपल्याला नेमका तोच हवा आहे. पण आर्द्रतेची टक्केवारी बघताना एक गफलत होते. सकाळी ६ वाजता ५० टक्के दिसतात आणि दुपारी ३ वाजता १५. हवेतलं पाणी तेवढंच असतं. गरम हवेत जास्त वाफ मावू शकते, म्हणून टक्केवारी खाली येते. तेव्हा टक्केवारी बघायची तर दुपारचीच बघा. दुपारी ३० टक्क्यांच्या खाली असेल तर कूलर मस्त चालेल. ५० च्या वर असेल तर फारशी आशा ठेवू नका.

याहून भरवशाचा आकडा म्हणजे दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर दव पडायला लागेल, ते तापमान. हा आकडा दिवसभरात फारसा उड्या मारत नाही. ॲपलच्या वेदर ॲपमध्ये आर्द्रतेच्या चौकटीतच तो दिलेला असतो, इतर अनेक ॲप्समध्ये तपशील उघडला की सापडतो. ढोबळ नियम असा: दवबिंदू १५ च्या खाली असेल तर कूलरला पैकीच्या पैकी. १५ ते २० मध्ये चालेल. २२-२३ च्या वर गेला की पाण्याचा पंप बंद करा आणि फक्त पंखा वापरा.

शहर बदलून शिकायला किंवा नोकरीला जाताय? मग नव्या शहराचा एप्रिल-मे मधला दवबिंदू आधी बघा. नाशिकला मस्त चालणारा कूलर घेऊन पनवेलला आलात तर तो बाल्कनीत धूळ खात पडेल.

बिल किती येईल?

हिशोबासाठी विजेचा दर ८ रुपये युनिट आणि रोजचा वापर १० तास धरू. तुमचा दर बिलावर बघून बदलून घ्या.

• साधा सीलिंग फॅन, ७५ वॅट: महिन्याला २२.५ युनिट, १८० रुपये.

• बीएलडीसी फॅन, ३० वॅट: ९ युनिट, ७२ रुपये.

• मध्यम-मोठा कूलर, १८० वॅट: ५४ युनिट, ४३२ रुपये.

• दीड टनाचा एसी, सरासरी ११०० वॅट धरला तर: ३३० युनिट, २,६४० रुपये.

सीलिंग फॅनवर स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा फॅन घेताना ते बघाच.

कूलरचं दुसरं बिल पाण्याचं असतं आणि ते जाहिरातीत कधीच दिसत नाही. कोरड्या दुपारी मोठा कूलर तासाला १० लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. म्हणजे ८ तासांत ८० लिटर. जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथे हा हिशोब आधी करा. अशा ठिकाणी लहान कूलर, तोही फक्त दुपारी आणि झोपताना, हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे.

दोन गैरसमज

पहिला, यूएसबीवर चालणारे 'मिनी एसी'. रीलमध्ये खोली गारेगार झालेली दाखवतात. त्याची टाकी असते अर्धा लिटरची आणि ती समजा ४ तास पुरते. अर्धा लिटर पाणी वाळून ०.३३ युनिट उष्णता जाते, म्हणजे ४ तास सरासरी ८० ते ८५ वॅट. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. हे यंत्र तुमच्या एकट्याच्या अंगाची उष्णतासुद्धा पूर्ण भागवू शकत नाही, खोलीची गोष्टच सोडा. तोंडासमोर ठेवला तर गार झुळूक येईल, एवढंच. त्या पैशांत चांगला टेबलफॅन बघा.

दुसरा, टाकीत बर्फ टाकणं. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता १ लिटर पाणी वाळताना घेतं. बर्फाने थोडा वेळ हवा जास्त गार लागते आणि मग परिस्थिती जैसे थे. शिवाय तो बर्फ करायला फ्रिजने वीज जाळलेली असते आणि ती उष्णता स्वयंपाकघरात सोडलेली असते. त्यापेक्षा पॅड पूर्ण ओले होतायत का, क्षार बसून छिद्रं बुजली आहेत का, ते तपासा.

कूलर घेतलाच तर

हवा आत आली तशी बाहेरही जायला हवी. कूलर खिडकीत बसवा आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली बंद करून कूलर लावला तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि अर्ध्या तासात मुंबई घरात येते. आकार निवडायला सोपा हिशोब: १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. दर दोन मिनिटांनी हवा बदलायची तर तासाला १,००० घनमीटरच्या पुढचा कूलर हवा. हा आकडा खोक्यावर लिहिलेला असतो.

एसी आणि कूलर एकत्र कधीच नको. एसी हवेतलं पाणी काढतो आणि कूलर घालतो, दोघं एकमेकांशी भांडत बसतात आणि बिल तुम्हाला येतं.

शॉकचा धोका गंभीरपणे घ्या. लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज एकाच ठिकाणी असते. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असलेलं सॉकेटच वापरा. पाणी भरताना बटण बंद करून पुरत नाही, प्लग काढा. घर भाड्याचं असेल तर अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि गळती झाल्यावर वीज तोडणारं आरसीसीबी बसवायला मालकाला सांगा.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतल्या कडा घासा, कारण अंडी कडांना चिकटून राहतात आणि सुकली तरी तग धरतात.

शेवटी निवड कशी करायची?

कोकण, मुंबई, ठाणे, गोवा: चांगला बीएलडीसी फॅन आणि समोरासमोर उघड्या खिडक्या. त्यावर भागत नसेल तर थेट एसीसाठी पैसे साठवा, मध्ये कूलरवर घालवू नका.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश: मार्च ते मे अखेर कूलर. पाऊस आला की पंप बंद, फॅन सुरू.

पुणे, नाशिक आणि देशावरची बाकी शहरं: दुपारी कूलर, रात्री बहुतेक वेळा फॅन आणि उघडी खिडकी पुरते.

आणि ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना स्टार मोजण्याआधी तो माणूस कोणत्या शहरातून लिहितोय ते बघा.